विष्णुक्रांतेचे गोत्र

भाद्रपदातल्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी नागपुरात बर्डीवर आणि महालात पत्रीचे वाटे लागतात. गणपतीला एकवीस प्रकारची पत्री वाहावी असा संकेत आहे, आणि त्या एकविसांची नावे पूजेच्या पोथीत दिलेली असतात. माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली अशी ती माळ चालते. यांतली बहुतेक झाडे आपल्याकडे कोणीही ओळखील. परंतु याच माळेत ‘विष्णुक्रांत’ असे एक नाव येते, आणि तिथे आले की विकणारा, घेणारा आणि मंत्र सांगणारे गुरुजी असे तिघेही अडखळतात. मी गेली अनेक वर्षे घरी आणलेला वाटा पूजेपूर्वी मुद्दाम सोडून पाहतो. विष्णुक्रांतेच्या जागी कधी गोकर्णीची पाने निघतात, कधी कुठल्याशा रानवेलाची, आणि पुष्कळदा काहीच निघत नाही. देव भावाचा भुकेला म्हणतात. तो चालवून घेत असेल. पण हीच विष्णुक्रांता शंखपुष्पीच्या नावाने जेव्हा खलात पडते आणि तिचा कल्क कुणाच्या तरी पोटात जातो, तेव्हा चालवून घेणे इतके सोपे राहत नाही. म्हणून या एवढ्याशा निळ्या फुलाचे कुळगोत्र शोधण्यात जो काळ मी घालवला, तो अगदीच रिकामटेकडेपणाचा नव्हता असे मला वाटते.

आधी फूल पाहून घेऊ. पाऊस ओसरू लागला की सेमिनरी हिल्सच्या उतारावर किंवा अंबाझरीच्या माळावर सकाळी आठ-नऊच्या सुमारास खाली मान घालून चालावे. गवत तोकडे असेल आणि मुरूम उघडा पडला असेल तिथे शर्टाच्या बटणाएवढी निळी फुले जमिनीवर सांडल्यासारखी दिसतात. निळा रंग असा, की आकाशाचा म्हणावा तर थोडा गडद आणि गोकर्णीचा म्हणावा तर फार फिका. पाकळ्या सुट्या नसतात. सगळे फूल म्हणजे एक चपटी वाटोळी बशी. देठ दोऱ्यासारखा. एका काष्ठमय मुळापासून चारपाच बारीक फांद्या निघून जमिनीशी लोळतात आणि टोकाशी किंचित मान वर करतात. दुपार झाली की फुले मिटतात, आणि बारा वाजता त्याच जागी येणाऱ्या माणसाला तिथे काही होते याचा पत्ताही लागत नाही. वनस्पतिशास्त्राला जे पुष्कळ वेळा बाराच्या उन्हात हिंडणारे भक्त लाभले, त्यांच्या नोंदींत हे फूल ‘विरळ’ म्हणून का येते, याचे कारण एवढेच असावे अशी मला शंका आहे.

आता दहा रोपे उपटून शेजारी शेजारी ठेवावी. एकाची पाने लांबट आणि टोकदार, जवसाच्या पानासारखी; दुसऱ्याची लंबगोल; तिसऱ्याची जवळजवळ वाटोळी. एकाच्या अंगावर रेशमासारखी चापून बसलेली लव, दुसऱ्याच्या अंगावर ताठ उभे केस, तिसरे जवळजवळ गुळगुळीत. कुठे फूल गर्द, कुठे फिके, आणि क्वचित एखादे पांढरेशुभ्र. एकाच्या देठावर एक फूल, दुसऱ्याच्या देठावर दोन-तीन. एवढेच कशाला, एकाच फांदीवर खालची पाने रुंद आणि वरची अरुंद असतात. श्रावणात हिरवेगार वाढलेले रोप कार्तिकात पुन्हा पाहायला जावे तर पाने बारीक झालेली आणि सारे अंग राखाडी. नागपूरची भूमीही या बाबतीत खोडसाळ आहे. आपल्या गावाच्या पश्चिमेस दख्खनचा काळा कातळ आहे, आणि पूर्वेस व उत्तरेस, रामटेकच्या बाजूला, त्याहून फार फार जुने स्फटिकी खडक आहेत. म्हणजे सायकलवर अर्धा दिवस फिरणाऱ्याला दोन वेगळ्या मातींतली रोपे मिळतात, आणि ती एकमेकांशेजारी ठेवली की नवख्या विद्यार्थ्याला वाटते, आपल्याला दोन नव्या जाती सापडल्या. दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी अशा दोन जाती घेऊन माझ्याकडे येतो. मी त्याला चहा देतो आणि आणखी तीस रोपे आणायला सांगतो. तीस रोपे आणली की त्या दोन जातींच्या मधली सारी जागा भरून जाते आणि सीमारेषा कुठे काढावी हे त्यालाच कळेनासे होते.

हा प्रश्न नागपूरपुरता नाही आणि आजचाही नाही. त्याला निदान तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला पहिला लिखित अंक घडला तो मलबारच्या किनाऱ्यावर.

कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ करविला. त्याचा पहिला खंड १६७८ साली अॅम्स्टरडॅमला छापला गेला आणि शेवटचा १६९३ साली. या ग्रंथाशी मराठी माणसाने आपुलकी बाळगावी असे एक कारण आहे. त्याच्या कामात इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट असे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते, आणि या तिघांनी १६७५ साली कोंकणी भाषेत, नागरी लिपीत लिहून दिलेले प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले आहे. शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकानंतर अवघ्या चार वर्षांनी युरोपात छापलेल्या पुस्तकात आपली नागरी अक्षरे आहेत, हे पाहताना माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले होते. तर या ग्रंथाच्या अकराव्या खंडात एक चित्र आहे, आणि त्याच्या माथ्यावर रोमन अक्षरांत नाव आहे ‘विस्त्नु-क्लांदी’. डच कानांनी ऐकलेली आणि लॅटिन पंडितांनी लिहिलेली ही आपली विष्णुक्रांती! केरळात ती आजही ‘दशपुष्पां’त, म्हणजे मंगल मानलेल्या दहा फुलांत मोजतात.

त्याच सुमारास सिलोनात पाउल हेर्मान नावाचा डच कंपनीचा डॉक्टर रोपे वाळवून कागदावर चिकटवीत होता. त्याच्या मृत्यूनंतर हा संग्रह हिंडत फिरत शेवटी स्वीडनमध्ये लिनीअसच्या टेबलावर आला, आणि त्यावरून लिनीअसने १७४७ साली सिलोनच्या वनस्पतींचे पुस्तक लिहिले. पुढे १७५३ साली जगातल्या सर्व वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे देण्याचा जो उपक्रम त्याने केला, त्यात हेर्मानची ही रोपे आणि रीडचे ते चित्र यांना मिळून त्याने एक नाव दिले: कॉन्व्हॉल्व्ह्युलस आल्सिनॉइडेस. कॉन्व्हॉल्व्ह्युलस म्हणजे गुंडाळत जाणारी वेल. आल्सिनॉइडेस म्हणजे आल्सिने नावाच्या युरोपी तणासारखी दिसणारी. पण ही बिचारी कशालाच गुंडाळत नाही, नुसती लोळते. लिनीअसच्याही ते ध्यानात आले असावे, कारण १७६२ साली त्याने तिला त्या घरातून बाहेर काढून नवी प्रजाती केली आणि तिचे नाव ठेवले इव्हॉल्व्ह्युलस, म्हणजे ‘उलगडलेली’. नामकरणात विनोद असतो, तो असा.

लिनीअसने हिंदुस्थान पाहिला नव्हता. त्याच्यासमोर होते काही वाळलेले तुकडे आणि एक चित्र. त्यामुळे त्याने बांधलेली जाती आटोपशीर होती. पुढे जसजसे जगाच्या कानाकोपऱ्यातून नमुने येऊ लागले तसतशी त्या आटोपशीर चौकटीबाहेर रोपे सांडू लागली. फ्रान्समध्ये लामार्कला केसाळ नमुना मिळाला. त्याने त्याची स्वतंत्र जाती केली. ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांवरून रॉबर्ट ब्राउनने १८१० साली आणखी एक केली. दर बोटीबरोबर एक नवे नाव! हे लोक उतावळे होते असे मी म्हणणार नाही. लंडन-पॅरिसमध्ये बसलेल्या माणसाला दोन टोके दिसतात. मधली तीस रोपे ज्या टेकडीवर उगवतात ती टेकडी त्याला दिसत नाही.

ज्याने टेकड्या पाहिल्या होत्या असा एक माणूस पुढे आला. चार्ल्स बॅरन क्लार्क हा मुळात गणिती; बंगालमध्ये शाळाखात्यात इन्स्पेक्टर होता आणि शाळा तपासता तपासता त्याने अफाट वनस्पती गोळा केल्या. जोसेफ हुकर यांच्या सात खंडी ‘ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पती’ या ग्रंथात हे कुल लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि १८८३ सालच्या चौथ्या खंडात त्याने केसाळ काय नि बिनकेसाळ काय, इकडची सारी रोपे एका नावाखाली घातली. ज्याने पुष्कळ पाहिले तो कमी नावे देतो, असा माझाही अनुभव आहे. परंतु प्रश्न मिटला असे मात्र नव्हे. १९३४ साली उट्रेख्ट येथे सायमन व्हान ओस्टस्ट्रोम या तरुण डच संशोधकाने संपूर्ण प्रजातीचा प्रबंध लिहिला. त्याने जाती एकच ठेवली, पण तिच्या पोटात पानांचा आकार, केसांची बसण आणि देठांची लांबी यांवरून डझनाहून अधिक प्रकार पाडले. ही एक प्रकारची तडजोड होती. तेव्हापासून आजपर्यंत काही ग्रंथकार हे प्रकार मानतात आणि काही सरसकट सोडून देतात. दोघांच्याही बाजूने बोलता येते. सागरापलीकडच्या दोन भूखंडांतले नमुने घेतले तर प्रकार खरे वाटतात. एका टेकडीवरचे घेतले तर ते हातातून निसटतात.

मग यातले किती रोपाचे स्वतःचे आणि किती मातीचे? हे ओळखायची रीत गोटे ट्युरेसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या काळात घालून दिली. वेगवेगळ्या ठिकाणची रोपे आणून एकाच बागेत, एकाच मातीत लावायची. जो फरक तिथे पुसला जाईल तो मातीचा; जो टिकेल तो रक्तातला. म्हणायला सोपी, करायला वर्षे खाणारी. आपल्याकडे पिकांच्या बाबतीत हे पुष्कळ झाले, रानफुलांच्या वाट्याला मात्र फारसे आले नाही. ज्याला बाजारात भाव नाही त्याला वाफाही नाही.

आता नागपूरकडे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शास्त्रीय जगात या गावाचे नाव पोचले ते हिरव्या पानांमुळे नव्हे, दगडातल्या पानांमुळे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली इथे आले आणि १८६३ साली नदीच्या पुरात बुडून वारले. मधल्या काळात त्यांनी या भागातले जीवाश्म इतक्या चिकाटीने जमवले, की १८६१ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात चार्ल्स बनबरी यांनी नागपूरच्या अश्मीभूत वनस्पतींवर सविस्तर निबंध लिहिला. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या पानांची अशी बडदास्त राहिली, पण पायाखालच्या जिवंत रोपांना वाली मिळायला वेळ लागला. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यावरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. पण नागपूर तेव्हा मध्यप्रांतात, म्हणून पुस्तकाबाहेर. मध्यप्रांताच्या जंगलखात्यासाठी हेन्स आणि विट यांच्या याद्या १९१६ साली छापल्या गेल्या. त्यांत झाडे, झुडपे आणि उपयोगी रोपे, कारण जंगलखात्याला सागाची चिंता, टेकडीवरच्या निळ्या बटणाची नव्हे. त्याच काळात कृषिखात्यातील ग्रॅहम यांनी नागपूर व तेलंगखेडी इथल्या सरकारी शेतांवर आपोआप उगवणाऱ्या रोपांची नोंद केली, ती मला अधिक मोलाची वाटते. ज्याला शेतकरी तण म्हणतो त्याचीही हजेरी घ्यावी असे त्या माणसाला वाटले. पुढे १९५६ आणि १९६० साली राज्यांच्या सीमा हलल्या, नागपूर मुंबईकडे आणि मग महाराष्ट्रात आले, पण कुकच्या पुस्तकात ते मागून शिरू शकत नव्हते. ना. रा. उगेमुगे यांचा नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९८६ साली निघाला, आणि संपूर्ण महाराष्ट्रावरचे सर्वेक्षण खात्याचे खंड १९९६ ते २००१ या काळात. राजकीय नकाशा रोपांना कळत नाही. ग्रंथांना मात्र तो चांगलाच कळतो.

इथवर ही गोष्ट पंडितांची होती. तिला औषधाचे वळण लागते ते शंखपुष्पी या शब्दापाशी.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात बुद्धी वाढवणारी चार रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाचे दुधाबरोबर चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा मूळ-फुलांसकट कल्क. या चौघांत शंखपुष्पी विशेष, असेही तिथे म्हटले आहे. आजही परीक्षा जवळ आल्या की घरोघरी शंखपुष्पीच्या बाटल्या येतात त्या याच वचनाच्या पुण्याईवर. पण ही शंखपुष्पी दिसते कशी, हे संहिता सांगत नाही. ते त्या काळी सांगण्याची गरजच नव्हती. गुरू शिष्याला रानात नेऊन दाखवी. पुढे गुरू गेला, रान गेले आणि नुसता शब्द राहिला. निघंटुकारांनी पर्याय दिले, शंखाह्वा, मंगल्यकुसुमा, वगैरे. पण पर्यायांवरून रोप उभे राहत नाही. शंखासारखे पांढरे फूल म्हणावे, की शंखाच्या आकाराचे? यावर ज्याने त्याने आपल्या प्रांतातले रोप पुढे केले. उत्तर हिंदुस्थानातल्या वैद्यांनी कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस नावाची पांढऱ्या-गुलाबी फुलांची लोळणारी वेल घेतली. बंगालमध्ये किराइताच्या कुलातली कॅन्स्कोरा घेतली, जिच्या खोडाला चार पंख असतात. केरळात गोकर्ण घेतली. आणि इतर कित्येक ठिकाणी आपली निळी विष्णुक्रांता. म्हणजे एक शब्द, चार रोपे आणि तीन वेगळी कुले. बापालाल वैद्यांसारख्या गुजराती विद्वानांनी अशा वादग्रस्त वनस्पतींवर मोठे श्रम केले आहेत. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने शंखपुष्पी म्हणून त्या उत्तरेकडच्या कॉन्व्हॉल्व्ह्युलसला मान्यता दिली आहे. कागदावर निकाल लागला, बाजारात मात्र लागला नाही.

बाजाराचे मी स्वतः पाहिलेले सांगतो. महालातले एक वृद्ध वैद्य मला एकदा म्हणाले, “मास्तर, तुमचं लॅटिन राहू द्या बाजूला. ही पुडी पाहा आणि सांगा, मी रोग्याला काय देतोय?” पुडीत वाळलेल्या काटक्या, चुरगळलेली पाने आणि मातीचे खडे. आम्ही दोघे इतवारीत गेलो, जिथून ती आणली होती तिथे. पोत्यामागे एक बाई बसल्या होत्या. शंखपुष्पी मागताच त्यांनी विचारले, “कोन्ती पाहिजे जी? निळ्या फुलाची का पांढऱ्या?” वैद्यबुवा माझ्याकडे पाहू लागले. चरकानंतर जो प्रश्न विचारण्याची तसदी पुष्कळांनी घेतली नाही, तो त्या बाईंनी अर्ध्या वाक्यात विचारला होता. त्यांची दोन पोती वेगळी होती. मिसळ झाली ती पुढे, दुकानदाराच्या डब्यात.

मग आम्ही त्या काटक्या कोमट पाण्यात भिजवल्या. वाळलेले फूल पाण्यात पुन्हा उमलते, हे वनस्पतिशास्त्रातले मला सर्वांत आवडणारे दृश्य आहे. भिंगाखाली सुईने फूल उकलले, की पाने, केस, रंग या सगळ्या चंचल गोष्टी बाजूला राहतात आणि एक गोष्ट मात्र कधी दगा देत नाही. बीजकोशाच्या, म्हणजे किंजपुटाच्या, माथ्यावर जो बारीक दांडा असतो त्याला किंजल म्हणतात. कॉन्व्हॉल्व्ह्युलसला किंजल एक असतो आणि त्याच्या टोकाला दोन जिभा. इव्हॉल्व्ह्युलसला बुडापासूनच दोन किंजल असतात, आणि प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे. रोप मुरमावरचे असो की काळ्या मातीतले, केसाळ असो की गुळगुळीत, फूल निळे असो की पांढरे, हे दोन किंजल बदलत नाहीत. वैद्यबुवांनी भिंगातून बराच वेळ पाहिले. पुडीत दोन्ही होती. “म्हणजे सहा महिने मी दोन औषधं एका नावानं देत होतो,” ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून फुलासकट असल्याशिवाय त्यांनी शंखपुष्पी घेतली नाही. चरकाने ‘मूळ-फुलांसकट’ का म्हटले असेल याचे त्यांनी आपल्यापुरते एक नवे भाष्य केले: फूल असल्याशिवाय ओळखशील कशी? भाष्य शास्त्राला धरून आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, पण मला ते पटले.

ही दोन रोपे एका कुलातली असली तरी जवळची नातलग नव्हेत. २००३ साली या कुलाची जनुकांच्या आधारे जी नवी मांडणी झाली, तिच्यात कॉन्व्हॉल्व्ह्युलस एका शाखेत आणि इव्हॉल्व्ह्युलस वेगळ्याच शाखेत गेली. प्रयोगशाळांतून उंदरांना शंखपुष्पीचा अर्क देऊन स्मृती तपासण्याचे प्रयोग होत असतात. त्या अर्कात नेमके कोणते रोप होते, आणि त्याचा वाळवलेला नमुना कुठल्या संग्रहात ठेवला आहे, हे ज्या लेखात सांगितलेले नसते तो लेख मी पुढे वाचत नाही.

उत्तरेच्या त्या रोपाचे लॅटिन नावही स्थिर राहिले नाही, आणि त्याची कथा थोडी करुण आहे. प्लुरिकॉलिस हे नाव दिले जिनिव्हाच्या श्वाझी या धर्मोपदेशकाने, १८३४ साली. पण त्याआधी, १८२४ साली, मायक्रोफिलस हे नाव छापले गेले होते, आणि त्याच्याही आधी पीटर फॉर्स्कोलने प्रोस्ट्राटस म्हणून एक रोप वर्णिले होते. हा फॉर्स्कोल लिनीअसचा शिष्य, डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेवरचा. १७६३ साली येमेनात हिवतापाने तो वारला, अवघा एकतीस वर्षांचा. त्याची टिपणे सोबत्याने, कार्स्टन नीबूरने, जपली. हा नीबूर त्याच वर्षी मुंबईला येऊन पोचला आणि इथे असताना त्याने घारापुरीच्या लेण्यांची चित्रे काढली. त्या मोहिमेत जिवंत परतलेला तो एकटाच. परत गेल्यावर १७७५ साली त्याने मित्राचे पुस्तक छापले. आता ही तिन्ही नावे एकाच रोपाची ठरली आहेत, आणि ज्याचे नाव आधीचे त्याचा मान, या नियमाने ते रोप आज फॉर्स्कोलच्या नावे, कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्राटस म्हणून ओळखले जाते. औषधिकोशात मात्र प्लुरिकॉलिस. अडीचशे वर्षांपूर्वी वारलेल्या तरुणाने ठेवलेले नाव आपल्या बाटल्यांवर यायला अजून किती काळ लागेल कोण जाणे.

आपल्याकडे औषधी वनस्पतींवर इंग्रजीत जो मोठा ग्रंथ झाला त्याचे एक कर्ते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे शस्त्रवैद्य होते, वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि १९०९ सालच्या बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही होते. १९१७ साली ते गेले आणि ग्रंथ १९१८ साली निघाला. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला फुलातले किंजल मोजता यावेत, अशी एक अट पुन्हा घालावी असे मला कधी कधी वाटते. कुणी ऐकणार नाही.

विष्णुक्रांता आणि शंखपुष्पी वेगळ्या काढल्या तरी एक काटा उरतोच, आणि तो अलीकडे जास्त टोचू लागला आहे. इव्हॉल्व्ह्युलस प्रजातीत सुमारे शंभर जाती आहेत आणि त्या जवळजवळ साऱ्या अमेरिका खंडातल्या. जुन्या जगात आहेत त्या दोनच. त्यांतली एक, न्युम्युलॅरियस, वाटोळ्या पानांची व पांढऱ्या फुलांची, निःसंशय अमेरिकेतून आलेली. बागांच्या हिरवळीतून ती देशभर पसरली आहे. आणि दुसरी आपली विष्णुक्रांता, जी अमेरिका, आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया असे सगळीकडेच सापडते. मग हिचे माहेर कोणते? डॅनिअल ऑस्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने २००८ साली हिच्यावर जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच तिला ‘जुन्या जगातली अमेरिकी वनस्पती’ म्हटले आहे. मी तो वाचला तेव्हा प्रथम राग आला. विष्णूच्या पावलांचे नाव असलेले, गणपतीच्या पत्रीत मोजलेले फूल परदेशी?

पण राग हा पुरावा नव्हे. सीताफळ अमेरिकेचे आणि नाव सीतेचे. दसऱ्याला झेंडूच्या तोरणाशिवाय आपले दार सजत नाही, आणि झेंडू मेक्सिकोचा. नावावरून जन्मस्थान ठरत नाही. आपला समाज परक्या रोपाला घरात घ्यायला फार वेळ लावत नाही, आणि घेतले की थेट देवघरात नेऊन बसवतो. १६९२ साली रीडच्या अकराव्या खंडात हे रोप विष्णूच्या नावाने छापले गेले. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. जहाजांबरोबर ते आले असेल तर मलबारात रुजायला, औषधात शिरायला आणि देवाचे नाव घ्यायला त्याला दोनशेहून कमी वर्षे मिळाली. अशक्य नाही, मिरचीने याहून कमी वेळात अख्खे स्वयंपाकघर काबीज केले. आणि तसे असेल तर निघंटूंतली जुनी विष्णुक्रांता हे दुसरेच कुठले तरी रोप असले पाहिजे. ‘अपराजिता’ हे नाव विष्णुक्रांतेलाही मिळते आणि गोकर्णीलाही, हे ध्यानात घेतले तर महालातला पत्रीवाला गोकर्णीची पाने देतो ते कदाचित अडाणीपणाने देत नसेल. उलट, बी वाऱ्या-पाण्याने किंवा पक्ष्यांबरोबर हजारो वर्षांपूर्वीच आले असेल तर ती आपलीच. माणसाने आणली नाही ती रानाची.

माझा कल दुसरीकडे आहे, आणि त्याचे कारण ती सेमिनरी हिल्सवरची तीस रोपे. चारपाचशे वर्षांपूर्वी मूठभर बियांतून आलेल्या रोपाच्या अंगी इतकी विविधता असावी का? याला उत्तर देता येईल असे कोणीही म्हणेल, की ही विविधता नुसती माती-पाण्याची. बिया एका वाफ्यात लावा, सगळी सारखी होतील. याचा निकाल वाफा लावेल, आणि त्याहून नक्की निकाल जनुके लावतील: नागपूर, मलबार, आफ्रिका आणि ब्राझील इथली रोपे शेजारी ठेवून, कुणात किती जुने भेद साचले आहेत ते मोजून. इतकी शतके पंडितांना त्रास देणारा हिचा चंचलपणाच तेव्हा साक्षीला उभा राहील. त्यासाठी प्रत्येक कागदावर नुसते नाव नको. गाव, खडक, माती, महिना, फुलाचा ताजा रंग आणि उपटण्याची वेळ हवी, आणि सोबत बियांची एक पुडी. गेल्या आश्विनात एका विद्यार्थ्याने रामटेकहून आणलेल्या अशा अकरा पुड्या सध्या माझ्या कपाटात आहेत. प्रत्येकीवर पेन्सिलीने खडकाचे नाव लिहिलेले आहे, आणि एकीवर त्याने आपण होऊन ‘फूल पांढरे, किंजल दोन’ असे लिहिले आहे.